आमची वाटचाल : उटणं, अनारसे आणि पुराचं वर्ष

सासूबाईंचं उटणं तीनदा गाळलेलं असायचं. आधी पिठाच्या चाळणीतून, मग मैद्याच्या, आणि शेवटी मलमलीच्या धुवट फडक्यातून. फडकं पातेल्याला ताणून बांधायचं आणि वरून बोटांनी अलगद हलवत राहायचं. खाली पडतं ते उटणं, वर उरतो तो चोथा. चोथा परत खलबत्त्यात. वस्त्रगाळ म्हणजे काय हे ज्यांनी हातानं केलंय त्यांनाच कळेल, दहा किलो गाळताना खांदे भरून येतात. 1996 च्या दिवाळीत आम्ही पहिल्यांदा 60 पाकिटं विकायला ठेवली, पाच रुपयांना एक. चार दिवसांत संपली. तेव्हापासून सांगलीच्या गावभागात, त्याच घरात, हा उद्योग चालू आहे.

सुरुवातीला आम्ही तिघी होतो. सासूबाईंचं उटणं, माझे अनारसे नि चकलीची भाजणी, आणि माझ्या नणंदेचे आकाशकंदील. नणंद सांगलीतच विश्रामबागेत राहायची, रोज दुपारी बसनं यायची. तिच्या हातचा षटकोनी कंदील मी आजवर दुसरीकडे पाहिला नाही. कामट्या ती स्वतः तासायची, गाठ आली तर तो तुकडा बाजूला. खळ गव्हाच्या पिठाची, त्यात अगदी चिमूटभर मोरचूद, म्हणजे कागदाला कसर लागत नाही. (मोरचूद विषारी असतं. घरी कंदील करणाऱ्यांनी खळीचं भांडं वेगळं ठेवावं आणि लहान मुलांना त्यात बोटं घालू देऊ नयेत.) पतंगी कागदाच्या झिरमिळ्या ती एका घडीत बत्तीस कापायची, एकही वाकडी नाही.

2003 साली कर्ज काढून पल्वरायझर, म्हणजे कुटून बारीक पूड करणारं यंत्र, घेतला. सासूबाई आठ दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. यंत्रात दळण तापतं आणि तापलं की कपूरकाचरीचा, जटामांसीचा वास उडून जातो. म्हणून आम्ही आजही एका वेळी किलोभरच टाकतो, पंधरा मिनिटं थांबतो, मग पुढचं. वाळा तर आधी कात्रीनं बोटभर तुकडे करूनच घालावा लागतो, नाहीतर त्याचे दोरे आत गुंडाळतात आणि मोटर घुरघुरायला लागते. नागरमोथ्याच्या गाठी मात्र आधी खलबत्त्यात फोडायच्या. लोखंडी खलबत्ता सासूबाईंच्या माहेरचा, नुसता बत्ताच साडेचार किलोचा आहे.

मधली वर्षं चांगली गेली. गिऱ्हाईक वाढलं, मुलांची शिक्षणं झाली, सासूबाई गेल्या. उटण्याचा परवाना वेगळा आणि फराळाची नोंदणी वेगळी, हे कळायला आणि दोन्ही हातात पडायला दोन वर्षं गेली, त्याबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन. मला लिहायचंय ते 2019 बद्दल.

आमच्या धंद्यात दिवाळीची तयारी जानेवारीत सुरू होते. थंडीत संत्री असतात तेव्हाच साल गोळा करायची. रसाच्या दोन गाडीवाल्यांकडून मी रोज संध्याकाळी पिशवी आणायची, आतला पांढरा पापुद्रा चमच्यानं खरवडायचा आणि साल सावलीत वाळवायची. गुलाबपाकळी मार्चपर्यंत. आंबेहळद, कपूरकाचरी, नागरमोथा, वाळा, अनंतमूळ उन्हाळ्यात आणून एकदा कडक ऊन दाखवून डब्यांत भरायचं. जुलै संपता संपता 130 किलोच्या आसपास माल आमच्या कोठीच्या खोलीत होता. शिवाय नणंदेच्या 400 कंदिलांच्या कामट्या, बारा रिम पतंगी कागद, छापलेली पाकिटं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कृष्णा चढायला लागली. सांगलीकराला पाणी नवं नाही. आम्ही कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट चढलं तो आकडा विचारत राहतो, 40 फुटांना सावध होतो, 45 म्हणजे धोका. 2005 च्या पुरात पाणी 53 फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हा हरिपूरच्या पेवांतली, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांतली, हळद भिजली आणि आमच्या ओसरीच्या भिंतीवर पाण्याची रेघ राहिली. ती रेघ आम्ही कधी रंगवली नाही. ह्यांनी आणि धाकट्यानं सगळा माल त्या रेघेच्या वर दोन हात उचलून फळ्यांवर ठेवला. त्याहून वर पाणी येईल असं गल्लीत कुणालाच वाटलं नाही. आम्ही कपडे, कागदपत्रं आणि माझी ऑर्डरची वही घेऊन विश्रामबागेत नणंदेकडे गेलो.

पाणी 57 फुटांच्या वर गेलं.

आठ-नऊ दिवसांनी परत आलो तेव्हा दार उघडेना, आतून गाळानं धरलं होतं. कोठीच्या खोलीतला तो वास मला अजून आठवतो. एरवी त्या खोलीत शिरलं की वाळ्याचा आणि कपूरकाचरीचा गारवा यायचा. त्या दिवशी कुजलेल्या सालीचा आणि गटाराचा वास. डबे तरंगून उलटे झाले होते. पाकिटांचा लगदा झाला होता. पल्वरायझरच्या मोटरमधून मूठभर चिखल निघाला. खलबत्ता तेवढा जिथल्या तिथे होता, गाळानं काठोकाठ भरलेला. मी तो तिथेच बसून हातानं रिकामा केला. ह्यांनी काही विचारलं नाही, नुसती बादली भरभरून आणून दिली.

130 किलोपैकी एक ग्रॅमही मी ठेवला नाही. वरच्या फळीवर दोन डबे असे होते की त्यांची झाकणं घट्ट होती आणि आतली आंबेहळद कोरडी वाटत होती. तीही फेकली. जी वस्तू लोक तान्ह्या मुलांच्या अंगाला लावतात तिच्यात 'वाटत होती' चालत नाही. सगळं पालिकेच्या ट्रॅक्टरमध्ये गेलं, गल्लीतल्या माणसांनी पाहिलंय.

राहिल्या होत्या त्या फक्त बांबूच्या कामट्या. थोडे दिवस पाण्यात राहून बांबूला फारसं काही होत नाही, नंतर नीट वाळवला की झालं. नणंदेनं त्या तीनदा धुतल्या, जंतुनाशकात बुडवल्या आणि तिच्या गच्चीवर पंधरा दिवस वाळवल्या. त्या वर्षी कंदील घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला मी स्वतः सांगितलं, की कागद नवा आहे, कामट्या पुरातल्या आहेत, चालत असेल तर घ्या. एकानंही परत ठेवला नाही.

पण ह्याच वाक्याचा आमच्या एका माजी गिऱ्हाइकानं उपयोग केला. नाव लिहीत नाही. हे गृहस्थ सहा वर्षं आमच्याकडून दरवर्षी 300 पाकिटं घाऊक दरानं न्यायचे. 2017 मध्ये मला कळलं, की ते आमची पाकिटं फोडून त्यात मुलतानी माती आणि गुलाबाचं अत्तर मिसळतात आणि दुप्पट वजन करून स्वतःच्या लेबलनं विकतात. मी माल बंद केला. मग त्यांनी स्वतःच उटणं काढलं. काढावं, धंदा कुणाच्या बापाचा नाही. पण 2019 च्या सप्टेंबरात त्यांनी दुकानादुकानांतून सांगितलं, "त्यांचं ह्या वर्षीचं घेऊ नका, पुरातलं वाळवून भरलंय, बाई स्वतःच सांगतात." कामट्यांचं वाक्य उटण्याला चिकटवलं. मारुती चौकातल्या तीन दुकानांनी आमच्या ऑर्डरी रद्द केल्या. त्यांचीही दुकानं पाण्याखाली गेली होती, त्यांना मी दोष देत नाही. पण एकानंही आधी मला फोन करून विचारलं नाही.

पुण्याच्या काष्ठौषधींच्या व्यापाऱ्यानं नुसत्या फोनवर 70 किलो माल उधार पाठवला होता. मोटर रिवाइंड करून आणली होती. ऑगस्टात संत्रासाल कुठून मिळणार? म्हणून त्या वर्षीच्या उटण्यात साल नव्हती. गुलाबपाकळी वाढवली आणि प्रत्येक पाकिटावर तसं छापलं. 27 ऑक्टोबरला अभ्यंगस्नान होतं. आणि माझ्यासमोर 1100 पाकिटं पडून, घ्यायला कुणी नाही.

मिरजेच्या बाई तेव्हा आल्या. निवृत्त परिचारिका, तीस वर्षं रुग्णालयात काढलेली. 1999 पासून त्या दरवर्षी चाळीस पाकिटं नेतात, बरोबरच्या बायकांना भाऊबीजेला देतात. अफवा त्यांच्याही कानावर गेली होती. दारातच म्हणाल्या, "खरं काय ते सांग." मी सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. दोन पाकिटं घेतली, एक आमचं आणि एक त्या गृहस्थांचं, पैसे देऊन, आणि मला म्हणाल्या, "रविवारी भिशीला ये."

भिशीला चौदा बायका होत्या. बाईंनी दोन बशा मांडल्या, दोन्हीत एकेक चमचा उटणं. कोरड्या उटण्याचा वास आधी सगळ्यांना घ्यायला लावला. त्या गृहस्थांचं उटणं खोलीभर घमघमलं, आमच्याला जेमतेम वास. माझ्या पोटात गोळा आला. मग त्यांनी दोन्हींत कोमट पाणी घातलं, बोटानं कालवलं आणि म्हणाल्या, "आता चहा घेऊया." दहा मिनिटांनी बशा पुन्हा फिरवल्या. अत्तराचा वास उडाला होता, खाली नुसती माती लागत होती. आमच्या बशीतून वाळा आणि कपूरकाचरी वर यायला लागली होती. बाई म्हणाल्या, "भिजलेली मुळी वाळवून कुटली, तर पाणी लागताच कुबट वास मारते. आम्ही आयुष्यभर वास ओळखूनच काम केलंय. कुणाला कुबट लागतोय का, सांगा." कुणी बोललं नाही. त्या दिवशी तिथं 90 पाकिटं गेली, आणि त्या चौदा जणींनी आपापल्या गल्लीत सांगितलं. दिवाळीपर्यंत 1100 मधली 840 संपली.

बाकीचा भार अनारशांनी उचलला. अनारशाचं पीठ दिवाळीच्या तोंडावरच करायचं असतं, म्हणून पुरात ते गेलं नव्हतं. गावभागात पाण्याची खात्री नव्हती, तेव्हा तांदूळ विश्रामबागेत भिजवले. पहिला घाणा मात्र हसला. तुपात टाकला आणि बघता बघता त्याची चाळण झाली, तुकडे कढईभर. दुसराही हसला. नणंदेनं गूळ हातात घेऊन दाबला, तर बोटं ओली झाली. पावसाळ्यातला गूळ, पाझरलेला. मग बाजूला ठेवलेलं गूळ न घातलेलं तांदळाचं पीठ मूठमूठ मळत गेलो, रात्रभर ठेवलं, आणि सकाळी खसखशीवर थापून सोडला, तर कडेनं सोनेरी होत जाळी पडली. आम्ही दोघींनी तो पहिला अनारसा अर्धा अर्धा खाल्ला आणि मग रडलो. पूर आल्यापासून तोवर रडायला सवड मिळाली नव्हती.

नवीन करणाऱ्यांसाठी लिहून ठेवते, कारण फोनवर हेच विचारतात. जुना तांदूळ घ्या. तीन दिवस भिजवा आणि पाणी रोज बदला. सावलीत, हाताला दमट लागेल इतपतच वाळवा, पार कोरडा झाला की पीठ मिळून येत नाही. बारीक चाळून वजनाला वजन किसलेला गूळ. गोळे घट्ट डब्यात निदान पाच दिवस. तळताना खसखस वर, अनारसा उलटायचा नाही, झाऱ्यानं तूप उडवायचं, आच मंद. मूठभर कोरडं पीठ नेहमी मागे ठेवा.

आणि उटण्याबद्दल एक. हल्ली बावची, म्हणजे बाकुचीचं औषधी बी, घालायचं फॅड आलंय. बावची लावून उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी काळवंडते, कधी फोड येतात. ती वैद्यानं द्यायची वस्तू आहे, आंघोळीची नाही. लिंबूही पिळू नका. दूध किंवा साय पुरे. पहिल्यांदा लावणार असाल तर आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला चिमूटभर लावून बघा, आमचं असलं तरी.

त्या गृहस्थांनी आपलं बोलणं कधी मागे घेतलं नाही. गणपती मंदिरात भेटतात, "काय वहिनी, बरंय ना?" विचारतात. मी "बरंय" म्हणते. तीन दुकानांपैकी दोन परत आली, तिसऱ्याला मी माल देत नाही, मागितला तरी देणार नाही. 2021 ला पुन्हा पाणी आलं, पण तोवर कोठीची खोली आम्ही वरच्या मजल्यावर नेली होती. ओसरीच्या भिंतीवर आता दोन रेघा आहेत. नणंदेचे हात कापतात म्हणून कामट्या माझी सून तासते, झिरमिळ्या अजून नणंदच कापते. मिरजेच्या बाईंना आता जिना चढवत नाही, नात येते, वहीत पहिलं नाव त्यांचंच असतं आणि पुढे 40.

संत्रासाल ह्या वर्षी भरपूर आहे. अनारशाचं पीठ हवं असेल त्यांनी दसऱ्याच्या आत सांगावं. नंतर सांगितलं तर तांदूळ भिजायला तीन दिवस आणि गूळ मुरायला पाच हे धरूनच देईन, त्याआधी नाही.