सहा पायांची दौत

डीअँडडी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर बसून पात्रं रंगवायच्या गेममधे, विझार्ड (जादूगार) खेळणाऱ्याला फॅमिलियर, म्हणजे जादूने बोलावलेला सोबती प्राणी, कुठला हवा विचारलं की तो यादी बघतो न बघतो आणि घुबड म्हणून मोकळा होतो. यादीत मांजर आहे, बेडूक आहे, कोळी आहे, ऑक्टोपससुद्धा आहे, पण डीअँडडीच्या पाचव्या एडिशनमधलं घुबड एका फेरीत 60 फूट उडतं, अंधारात 120 फुटांपर्यंत बघतं आणि शत्रूच्या नाकासमोरून उडून गेलं तरी त्याला जाता जाता फटका मारता येत नाही, मग बेडकाला कोण विचारतंय. (बेडकाबद्दल मला खरंच वाईट वाटतं, पण ते असो.)

आणि घुबड मेलं तर? काही नाही. त्याला हिट पॉइंटच (किती मार झेपतो त्याचा आकडा) 1, त्यामुळे ते मरतच असतं, मेलं की गायब होतं, मागे पीससुद्धा उरत नाही, मग 10 सोन्याच्या नाण्यांचा कोळसा, धूप आणि जडीबुटी जाळायची, तासभर स्पेल म्हणायचा की स्वारी परत हजर. त्यामुळे सापळा दिसला की पाठव घुबडाला, दाराआड गुरगुर ऐकू आली की पाठव घुबडाला. चार सेशननंतर त्याचं नावही कोणाला आठवत नाही.

म्हणून मला हाताने बनवलेले फॅमिलियर जास्त आवडतात, गेममधे ज्यांना कन्स्ट्रक्ट म्हणतात ते. ते मरत नाहीत, तुटतात, आणि तुटलं की तुकडे उरतात आणि तुकडे उरले की टेबलावरचं कोणीतरी लढाई अर्धवट सोडून ते गोळा करायला धावतं. तेवढ्यासाठी तर सगळा खटाटोप.

गेममधे असा एक तयार मिळतोच, होमंक्युलस, माती, राख, मँड्रेकचं मूळ आणि मालकाचं रक्त कालवून बनवलेला, 5 हिट पॉइंट, उडतो पण, मालकाशी मनातल्या मनात बोलतो पण, आणि चावला तर समोरचा बेशुद्धही पडू शकतो. म्हणजे सगळंच येतं याला! आणि ज्याला सगळं येतं त्याच्यावर जीव जडत नाही, निदान माझा तरी.

तर सध्या डोक्यात आहे एक पितळी दौत. चालणारी. झाकण म्हणजे तिचं डोकं, एका पायाच्या टोकाला निब, आणि जे ऐकेल ते लिहून काढायचं एवढंच काम. बोलता येत नाही, चावता येत नाही, ऐकलेल्यातलं तिला काही कळतही नाही.

कन्स्ट्रक्टमधे अडचण अशी की तो शब्द आला की स्टॅटब्लॉकवर, म्हणजे त्याच्या आकड्यांच्या तक्त्यात, सहसा एकेक ताकद वाढत जाते. विष बाधत नाही, म्हणजे विषारी धुरात पाठवता येते. श्वास नाही, म्हणजे पाण्याखाली पाठवता येते. झोप नाही, म्हणजे रात्रीचा पहारा कायमचा मिटला, आणि रात्रीचा पहारा गेला की डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, हातातलं अर्धं नाटक गेलं. यावर लोक म्हणतात की मग हे काढून टाक, ते काढून टाक. मी नाही काढत. दौत रात्रभर जागीच असते, फक्त ती कोणाला उठवत नाही, लिहून ठेवते. सकाळी पार्टी (खेळाडूंच्या पात्रांची टोळी) आरामात उठते आणि वाचते की रात्री कोण आलं आणि काय बोलून गेलं. आता बसा.

दुसरी मर्यादा मी सरळ एका खऱ्या यंत्रावरून उचलली. स्वित्झर्लंडमधे पिएर जाके-द्रो नावाचा घड्याळजी होता, त्याच्या कारखान्यात बनलेला एक लिहिणारा मुलगा 1774 साली लोकांसमोर आला, सुमारे 6000 भाग, किल्ली दिली की पिसाची लेखणी शाईत बुडवतो, झटकतो, लिहिताना डोळे अक्षरांमागे फिरतात, आणि आजही नॉशातेलच्या म्युझियममधे तो आहे. त्याला कुठलाही मजकूर लावून देता येतो, फक्त 40 अक्षरांपर्यंत. हे वाचलं आणि मी ठरवलं, माझ्या दौतीलाही 40. त्यापुढे शाईत बुडवायचं, झटकायचं आणि नवीन वाक्य ऐकायचं, मधलं गेलं ते गेलं. जोडाक्षर एकच धरायचं की दोन यावर टेबलावर वाद होणार हे माहितीये, एकच धरायचं.

कल्पना करा, तिला दाराच्या फटीतून आत सोडलंय. आतले दोन चोर तिसऱ्या खोलीबद्दल बोलतायत, ते ऐकून ही परत येते आणि कागदावर असतं: आत तिघं. दोघं झोपलेत. तिसरा दाराकडे बघतोय आणि त्याच्या हातात मोठ्ठं काहीतरी दिसतंय पण

बरोबर 40. पण काय?? आता तलवार आहे, दांडा आहे की नुसता झाडू, हे दार उघडूनच बघावं लागणार. घुबड असतं तर विझार्डने त्याच्याच डोळ्यांनी सगळं बघितलं असतं आणि एक छान सीन फुकट गेला असता.

शाईचा हिशोब तर आपोआप जमलाय. नियमांच्या किंमतयादीत शाईची बाटली 10 सोन्याच्या नाण्यांना आहे, म्हणजे घुबड परत बोलवायला जेवढे लागतात तेवढेच. फरक इतकाच की दौतीवर ते बोलण्यापायी खर्च होतात, मग माणसं आपोआप नेमकं बोलायला लागतात, खेळाडू सुद्धा.

ताकदीचं मात्र हसू येतं. स्ट्रेंग्थ (ताकदीचा आकडा) 4 दिली तरी नियमाप्रमाणे 4 गुणिले 15 आणि टायनी, म्हणजे सगळ्यात छोट्या आकाराची, म्हणून त्याच्या निम्मं, 30 पौंड. साडेतेरा किलो! दौत! 1 दिली तरी तीन किलोच्या वर उचलते. इथे मी नियम बाजूला ठेवतो, ती एक कागद ओढू शकते, ओला नसेल तर.

दुरुस्तीसाठी मेंडिंग आहेच, छोटासा कॅन्ट्रिप (साधा स्पेल), मिनिटभरात चीर सांधतो. पण त्याने फक्त धातू जुळेल, सांडलेली शाई परत येणार नाही, आणि त्या शाईत न लिहिलेलं जे होतं ते पण नाही.

राहता राहिले पाय. तीन ठेवले तर उभी छान राहते, कितीही खडबडीत जमीन असो डुगडुगत नाही, पण चालायला एक उचलला की आडवी. चार बरे दिसतात पण फार कुत्र्यासारखे. सहा असले की किडे चालतात तसं तीन पाय कायम जमिनीवर राहतात, शाई हिंदकळत नाही, आणि एकाच्या टोकाला निब असल्याने लिहिताना पाच उरतात, ते पुरेत. तर सहा. वेग 20 फूट, आणि जिना चढता येत नाही, उचलून न्यावी लागेल.