थँक्यू कशाला म्हणलं मी

शनिवारपासून एकच गोष्ट डोक्यात फिरतीये आणि ती इतकी फालतू आहे की कुणाला फोन करून सांगायचीही लाज वाटते. कोयना एक्स्प्रेसने पुण्याहून मिरजेला घरी चालले होते, नेहमीसारखी. समोर एक काकू, साठीच्या असतील. लोणंद गेल्यावर त्यांनी चिवड्याची पिशवी उघडून माझ्यापुढे धरली, पातळ पोह्यांचा, खोबऱ्याचे काप छान लालसर, आणि मग जे सुरू झालं ते त्यांच्या सुनेचं ऑफिस, माझं ऑफिस, गुडघे, साताऱ्याचे पेढे घ्यायचे राहिले ते, सगळं. आडनाव विचारलं. इनामदार म्हणलं. 'अगंबाई, सांगलीकडचे होय!' हो म्हणलं. खोटं काहीच बोलले नाही मी. आमच्याकडची इनामाची जमीन दर्ग्याच्या सेवेची होती हे त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्यांनी मनातल्या मनात एक इनामदार बाई तयार केली आणि मी तीन-चार तास तिच्यात मस्त मांडी घालून बसले.

मिरजेच्या आधीचं विश्रामबाग स्टेशन मागे पडलं की मी पर्समधून स्कार्फ काढून डोक्याला बांधते. ही सवय कधी लागली आठवत नाही. मोबाईलचा काळा स्क्रीन आरशासारखा धरायचा, एक पिन दातात, एक हनुवटीखाली, दुसरी कानाच्या वर, गाडी हलत असते तरी आता टोचत नाही. डोकं वर केलं तर काकू बघत होत्या. 'अय्या! तुम्ही त्या होय? वाटत नाही हो अजिबात!'

आणि मी म्हणलं, थँक्यू.

बास, एवढंच झालं. त्या वाईट बोलल्या नाहीत, हे ऑफिसात, सोसायटीत शंभर वेळा ऐकलंय, त्यांचं काही नाही. माझ्या तोंडून ते थँक्यू इतकं पटकन कसं आलं, कुणी ड्रेस छान आहे म्हणल्यावर येतं तसं? हसत हसत म्हणलं वर. रात्री दोन वाजता अंथरुणात खूप चांगली उत्तरं सुचतात. 'मग कसं वाटायला हवं होतं, काकू?' हे एक. 'तुम्हीपण वाटत नाही' हे दुसरं, त्याला काही अर्थ नाही पण म्हणायला मजा आली असती. गाडीत मात्र थँक्यू. तो फ्लॅटवाला प्रकार झाला तेव्हापण मी मालकाला थँक्यूच म्हणून आले होते. जाऊ दे, तो विषय नको आज.

गल्लीत शिरले तर कोपऱ्यावरच्या खाला. 'क्या गे, बुरखा नै? पूना की होगई तू तो.' म्हणजे डोक्यावर स्कार्फ, दोन पिना, कोपराखाली बाह्या, तरी इथे मी पुण्याची. पुण्यात काय म्हणतात ते वर लिहिलंच. एका दिवसात दोन परीक्षा आणि दोन्हीत नापास, असं वाटलं आणि खरं सांगते, रडायला आलं. कुठेच नाही आपण, असलं काहीतरी डोक्यात यायला लागलं. खालांना मात्र थँक्यू म्हणलं नाही. का नाही म्हणलं?

रात्री दादीचा फोटो बघत बसले. इरकली नऊवारी, काष्टा, डोक्यावर पदर, गळ्यात काळी पोत. कुंकू तेवढं नाही. ज्वारी काढायला बायकांच्या ओळीत बसली की कोण कुणाची सांगता आलं नसतं. बुरखा तिने जन्मात घातला नाही आणि तिला बेपर्दा म्हणायची कुणाची हिंमत नव्हती, जीभ अशी होती तिची. आमच्या घरात पहिला अबाया आला तो चाचा जिद्दाहून आले तेव्हा. बॅगेत खजूर, जानमाज म्हणजे नमाजाची चटई, टायगर बाम आणि अम्मीसाठी काळा अबाया. दादीने कापड चिमटीत धरून बघितलं आणि विचारलं, 'छतरी का है क्या गे?' अम्मी बाजाराला जाताना अजून साडीवरच घालते तो प्रकार. भाबीकडे आता सात आहेत, बटरफ्लाय, किमोनो, बाह्यांवर खडे, निदा कापडाशिवाय दुसरं चालत नाही तिला. लग्नात पदर सरळ करणाऱ्या बायकांपेक्षा ती जास्त नटलेली दिसते हे मी तिला बोलत नाही. बोलायला पाहिजे, चांगल्या अर्थाने.

पुस्तकात काय आहे ते अब्बांनी लहानपणीच सांगितलं होतं. कुराणातल्या सूरह नूरमध्ये बायकांनी ओढणी छातीवर घ्यावी ही 31वी आयत. त्याच्या आधीची 30वी पुरुषांना, नजर खाली ठेवा. अब्बा म्हणायचे लोकांचं वाचन 31पासून सुरू होतं. पण खरं सांगायचं तर विश्रामबागला मला यातली एकही आयत आठवत नाही, कोपऱ्यावरच्या खाला आठवतात.

भाचीला सांगितलं. ती अकरावीला आहे, स्कार्फ बांधूनच खो-खो खेळते, खाली लेगिंग्ज, घरच्यांनी सांगितलेलं नाही, तिचं तिचं. 2024 मध्ये ते चेंबूरच्या कॉलेजच्या हिजाबबंदीचं चाललं होतं तेव्हा ती रोज अपडेट द्यायची. जूनमध्ये हायकोर्टाने मुलींची याचिका फेटाळली, ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने नियमाला थोडी स्थगिती दिली, हिजाब चालेल, वर्गात बुरखा नाही. कॉलेजचं म्हणणं होतं की धर्म दिसू नये म्हणून नियम, तर कोर्टाने विचारलं नावावरून धर्म कळत नाही का, आणि टिळा-टिकलीवरपण बंदी घालणार का. हे तिला तेव्हा फार आवडलं होतं. काकूंचं ऐकून ती म्हणाली, 'खाला, तुमको तो नाम से बी नै पैचानते.' आणि खो खो हसली. मला नाही आलं हसू. नंतर आलं.

तिकडे इराणमध्ये 2022 साली महसा अमिनी नावाच्या मुलीला डोक्यावरचं कापड नीट नाही म्हणून पोलिसांनी पकडून नेलं, ती जिवंत परत आली नाही. त्याच वर्षी इकडे कर्नाटकात मुली आत जाता यावं म्हणून कॉलेजच्या गेटवर उभं राहून स्कार्फ काढत होत्या. त्या मुलींसमोर माझं हे काय रडगाणं. मला कुणी घाल म्हणलं नाही, कुणी काढ म्हणलं नाही. मी आपली स्टेशन बघून. रेल्वेचं टाईमटेबल आहे माझा पर्दा म्हणजे, आणि कोयना लेट झाली की तोपण लेट.

एक राहिलंच. मिरजेला उतरताना काकूंनी उरलेला चिवडा पिशवीला गाठ मारून माझ्या हातात कोंबला, 'आईंना द्या हो, घरचा आहे.' म्हणजे बघा, आता राग तरी कुणावर काढायचा. तेव्हापण थँक्यू म्हणलं, ते बरोबर होतं, पण दोन्ही थँक्यू अगदी एकाच सुरात निघाले.

अम्मीला सगळं सांगितलं, रंगवून, दादीपासून सुप्रीम कोर्टापर्यंत. ती भाजी निवडत ऐकत होती. मला वाटलं आता काहीतरी बोलेल. 'बाकी सब छोड, चिवडे में नमक कम है गे,' म्हणाली. पण तोपर्यंत तिने पिशवी संपवली होती, खालचे शेंगदाणे पण ठेवले नाहीत.

काल परतीची गाडी. डोक्यावर स्कार्फ तसाच, सांगली गेली, समोर एक कॉलेजचा मुलगा कानात इअरफोन घालून, त्याला माझं काही पडलेलं नाही. यावेळी पुण्यापर्यंत काढलाच नाही असं लिहिता आलं असतं तर बरं दिसलं असतं. किर्लोस्करवाडीला काढला. पंखा चालत नव्हता.