बारा सेकंदांची धाव

विमान संग्रहालयात स्वयंसेवकाचा बिल्ला लावून पहिल्यांदा उभी राहिले, त्याच्या आदल्या रात्री मी परीक्षेसारखं पाठांतर केलं होतं. पंखांची लांबी, इंजिनाची ताकद, पहिल्या उड्डाणाचं साल, सगळं तोंडपाठ. पहिल्या गृहस्थांनी विचारलं, "बाथरूम कुठे आहे?" दुसऱ्यांनीही तेच. तिसऱ्या बाईंनी मात्र विमानाकडे बोट दाखवलं. म्हणाल्या, "एवढं मोठं धूड या दारातून आत आणलं कसं?"

माझ्या वहीत हे नव्हतं. पंख सोडवून आणतात आणि आत पुन्हा जोडतात, हे मला नंतर तिथल्या दुरुस्तीवाल्यांकडून कळलं.

माझी सगळी नोकरी हिशेब तपासण्यात गेली. "आजी, तुम्ही पायलट होतात?" असं पोरं विचारतात, तेव्हा खरं सांगते : "नाही रे, मी लोकांच्या चुका शोधायचे." मोठी माणसं एवढी सरळ नसतात. पांढरे केस आणि साडी बघून इंजिनाचा प्रश्न तिकिटाच्या खिडकीतल्या मुलाला जाऊन विचारतात. तो बिचारा त्यांना परत माझ्याकडे पाठवतो. मग मी जरा जास्तच सविस्तर सांगते.

पण नुसत्या आकड्यांनी कोणी हलत नाही. आमच्या दालनातलं डकोटा, म्हणजे दोन इंजिनांचं जुनं विमान, १९३५ साली पहिल्यांदा उडालं, असं म्हटलं की "अच्छा" म्हणून लोक फोटो काढायला वळतात. म्हणून आता मी आधी त्याच्या इंजिनाखालचा पत्र्याचा ट्रे दाखवते. कित्येक वर्षांत न उडालेल्या या विमानाचं तेल अजून ठिबकतं. या इंजिनात सिलिंडर फुलाच्या पाकळ्यांसारखे गोल मांडलेले असतात. खालच्या सिलिंडरांची तोंडं खाली, त्यामुळे तेल उतरून तिथे साचतं. ते तसंच राहिलं आणि इंजिन चालू केलं तर आतलं काहीतरी मोडायचंच. म्हणून आधी पंखा हाताने फिरवून घ्यायचा. एवढं ऐकलं की माणसं वाकून ट्रेमध्ये बघतात. वाकलेला माणूस पुढचंही ऐकतो, हा माझा अनुभव.

माझं आवडतं काम मात्र वेगळंच आहे. १७ डिसेंबर १९०३ ला ऑर्व्हिल राइट पालथा पडून जे पहिलं उड्डाण करून गेला, ते बारा सेकंदांचं होतं आणि अंतर साधारण साडेछत्तीस मीटर. सवयीप्रमाणे मी टेप आणून दालनात ते मोजलं, दोन्ही टोकांना खडूची रेघ मारली. मुलांना म्हणते, "पळा, बारा सेकंद आहेत." सगळीच आधी पोचतात आणि फसवल्यासारखा चेहरा करतात. "एवढंच?" मग सांगायचं, की त्या दिवशी समोरून ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास वारा होता, त्याच्या छाताडावर चढून पुढे सरकायचं होतं. जम्बो जेटचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळजवळ साठ मीटर भरतात. म्हणजे ते अख्खं उड्डाण त्या पंखांवरच सुरू होऊन संपलं असतं.

मागच्या आठवड्यात एकाने विचारलं, "मग नंतर?" त्याच दिवशीचं चौथं उड्डाण ऑर्व्हिलच्या भावाने, विल्बरने केलं, एकोणसाठ सेकंद, २६० मीटर. त्यानंतर उभं असलेलं विमान वाऱ्याने उलटंपालटं केलं, ते पुन्हा कधी उडालं नाही. "ते पण पळू?" आमच्या दालनात २६० मीटर कुठून आणणार! पण त्याचं डोकं माझ्यापेक्षा तल्लख. डकोटाला गोल फेऱ्या मारत सुटला. त्याचे आजोबा घड्याळ काढून मोठ्याने सेकंद मोजायला लागले, आणि मीही. एका फेरीत एक चप्पल सुटली, ती उचलायला तो थांबला नाही.

चाळीसपर्यंत आलो आणि पहारेकरी शिट्टी फुंकत आला. एकोणीस सेकंद राहूनच गेले.