बंद ॲपपर्यंत निरोप पोचवताना

जुलैचा तिसरा आठवडा. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, आमच्या गावी, पावसानं समोरचा डोंगरही दिसेनासा झाला होता. मी पणजीत कामावर होतो. दुपारी दोनच्या सुमारास शेजारच्या वहिनींचा फोन आला. "भाऊजी, आज तुमच्या ॲपवर काहीच वाजलं नाही. पोर वडाकडं एकटी उतरली. सासूबाई घरात वाट बघत बसल्या होत्या, फोन वाजेल म्हणून."

पोर म्हणजे त्यांची दुसरीतली मुलगी. बालरथातल्या, म्हणजे शाळेच्या बसमधल्या, मदतनीस बाईंनी तिला वडाजवळच्या दुकानाच्या वळचणीला उभं केलं आणि दुकानदाराला लक्ष ठेवायला सांगितलं, म्हणून निभावलं. पण ती वीस मिनिटं माझ्या डोक्यातून जाईनात. गाडी जवळ आली की फोनवर कळवणारं माझं ॲप नव्हतं तेव्हा आजी वेळेच्या आधीच छत्री घेऊन वडाखाली जाऊन उभ्या राहायच्या. गाडीला उशीर झाला तर ताटकळायच्या, पण पोर कधी एकटी उतरली नव्हती. आता त्यांनी माझ्या ॲपवर भरवसा ठेवला, आणि त्या भरवशामुळंच हे घडलं.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. इथं अनुदानित शाळांना सरकारी योजनेतून मुलांच्या ने-आणीसाठी बसगाड्या मिळतात, त्यांना बालरथ म्हणतात. आमच्या भागातल्या एका शाळेच्या पालकांनी मला विचारलं, गाडी कुठवर आली ते फोनवर कळेल का? पावसाळ्यात रस्त्यावर पाणी येतं, झाड पडतं, गाडी कधी पंधरा मिनिटं तर कधी तास उशिरा येते. मी फ्लटरमध्ये (अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी ॲप लिहायचं गूगलचं साधन) एक लहानसं ॲप केलं. चालकाच्या फोनवरून गाडीची जागा सर्व्हरला कळते. गाडी थांब्याआधीच्या ठरलेल्या खुणेपाशी पोचली, की त्या थांब्यावरच्या पालकांना फायरबेस क्लाउड मेसेजिंग या गूगलच्या सेवेतून निरोप जातो: "बालरथ पाच मिनिटांत वडाकडं."

त्या रात्री सर्व्हरची नोंद पाहिली. निरोप वेळेवर निघाला होता, चूक म्हणून काही परत आलं नव्हतं. माझ्या फोनवर तोच निरोप पुन्हा पाठवला तर क्षणात वाजला. दहा वेळा पाठवला, दहाही वेळा वाजला. आजींच्या फोनवर मात्र वाजला नव्हता.

उत्तर माझ्या टेबलावरच होतं, ते दिसायला दोन दिवस लागले. माझा फोन कायम केबलनं लॅपटॉपला जोडलेला असतो, म्हणजे चार्जिंगवर असतो. आजींचा फोन सकाळपासून देवघराशेजारच्या कोनाड्यात पडून असतो: चार्जर नाही, स्क्रीन बंद, हालचाल नाही. अँड्रॉइडमध्ये २०१५ सालच्या सहाव्या आवृत्तीपासून डोझ नावाची सोय आहे, ती नेमकी अशाच फोनसाठी. बॅटरी वाचवण्यासाठी फोन गाढ झोपतो, ॲपांचं नेटवर्क थांबवतो आणि मधूनमधून थोडा वेळ जागा होऊन साचलेली कामं उरकतो. जितका जास्त वेळ तो पडून राहतो, तितकं हे जागं होणं विरळ होत जातं. चार्जिंगवरचा फोन डोझमध्ये जातच नाही. म्हणजे मी ज्या फोनवर तपासत होतो, तो आजींच्या फोनसारखा एकदाही वागला नव्हता.

आता माझी चूक. फायरबेसचे निरोप दोन प्रकारचे असतात. एक नोटिफिकेशन मेसेज. ॲप मागं असेल (चालू, पण स्क्रीनवर समोर नाही) किंवा बंद असेल, तर तो फोनची यंत्रणा स्वतः वरच्या पट्टीत दाखवते. दुसरा डेटा मेसेज. त्यात फक्त माहिती असते, तिचं काय करायचं ते ॲपच्या कोडनं ठरवायचं. मी सगळं डेटा मेसेजनं करत होतो, कारण थांब्याचं नाव, रंग, आवाज सगळं माझ्या हातात राहत होतं. पण काही सांगितलं नाही तर डेटा मेसेजची प्राथमिकता साधी धरली जाते, आणि साधा निरोप झोपलेल्या फोनला उठवत नाही. फोन पुढं कधी जागा होईल तेव्हा पोचतो. नोटिफिकेशन मेसेज मुळातच उच्च प्राथमिकतेनं जातो आणि फोनला उठवतो.

खात्री करायला माझ्या फोनला कमांड देऊन आधी चार्जर काढल्याचं भासवलं आणि मग जबरदस्तीनं डोझमध्ये घातलं. निरोप पाठवला. फोन गप्प. डोझमधून बाहेर काढल्याबरोबर वाजला. एवढ्या महिन्यांत हे एकदा करून पाहिलं असतं तर!

मग निरोपात दोन्ही भाग घातले: दाखवायचा मजकूर नोटिफिकेशन म्हणून, थांब्याचा क्रमांक डेटा म्हणून, आणि प्राथमिकता उच्च. काम संपलं असं वाटलं. दुसऱ्याच दिवशी पालकांच्या गटात विचारणा: "आज दोन गाड्या आहेत का? दोनदा वाजलं." ॲप मागं असताना फ्लटरमधलं माझं बॅकग्राउंडचं फंक्शनही चालत होतं, आणि आलेल्या डेटावरून स्वतः सूचना काढायचा जुना कोड त्यात तसाच राहिला होता. एक सूचना यंत्रणेनं दाखवली, दुसरी माझ्या कोडनं. तो कोड काढून टाकला.

तेवढ्यात एका आईनं सांगितलं, मी ॲप उघडून नकाशा बघत होते, तेव्हा मात्र काहीच वाजलं नाही. हेही बरोबरच होतं. ॲप समोर उघडं असताना यंत्रणा नोटिफिकेशन मेसेज आपणहून दाखवत नाही, तो थेट कोडकडे देते. फ्लटरमध्ये तो 'ऑनमेसेज'वर येतो. काय करायचं ते तिथं आपणच लिहायचं. मी नकाशाच्या वर एक पिवळी पट्टी आणि आवाज दिला. आयफोनवरही मुळात तसंच आहे, फक्त तिथं समोर असतानाही बॅनर दाखव असं आधीच सांगून ठेवता येतं.

म्हणजे तोच एक निरोप, पण ॲप समोर आहे, मागं आहे की पूर्ण बंद आहे, यावरून तीन वेगळ्या वाटांनी येतो. सूचनेवर बोट लावल्यावर तर हा फरक आणखी जाणवतो. ॲप मागं असेल तर 'ऑनमेसेजओपन्डॲप' ही वाट. ॲप बंद असेल तर त्या वाटेनं काहीच येत नाही; ॲप नव्यानं सुरू होतं आणि कुठल्या सूचनेमुळं उघडलं, ते 'गेटइनिशियलमेसेज'ला आपणहून विचारावं लागतं. मी ते विचारत नव्हतो, म्हणून लोकांना गाडीच्या पानाऐवजी पहिलं पान दिसायचं. विचारायला लागलो तर कधी गाडीचं पान उघडे, कधी नाही. ॲप नुकतं सुरू झालेलं असे, लॉगिन अजून वाचून झालेलं नसे, आणि मी पान उघडायला निघालेलो असे. शेवटी निरोप बाजूला ठेवला, लॉगिन आणि पहिलं पान तयार होईपर्यंत थांबलो आणि मगच पुढं नेलं. ही लढाई आठवडाभर चालली. या साऱ्या कामात सर्वांत जास्त वेळ इथंच गेला.

परवानगीचं सांगून टाकतो. अँड्रॉइड १३ पासून सूचना दाखवायला वापरणाऱ्याची परवानगी लागते. माझं ॲप उघडताक्षणी ती मागायचं. कशासाठी ते न कळल्यामुळं काहींनी नकार दिला होता, आणि दोनदा नकार मिळाला की ॲपला पुन्हा विचारता येत नाही. आता आधी मूल आणि थांबा निवडायला सांगतो, मग "गाडी जवळ आल्यावर कळवू का?" असं मराठीत विचारतो आणि त्यानंतर परवानगीची चौकट येते.

आवाजाचं दुखणं याहून चिवट निघालं. अँड्रॉइड ८ पासून सूचना चॅनेलमधून, म्हणजे ॲपनं केलेल्या सूचनांच्या गटांतून, जातात आणि चॅनेलचं महत्त्व एकदा ठरलं की ॲपला ते वाढवता येत नाही. माझ्या पहिल्या आवृत्तीत ते कमी ठेवलेलं होतं, म्हणून जुन्या पालकांच्या फोनवर सूचना यायची पण आवाज होत नसे. चॅनेल पुसून त्याच ओळखीनं (आयडीनं) पुन्हा केलं तरी जुनीच सेटिंग परत येते. वेगळ्या ओळखीचं नवं चॅनेल केलं तेव्हा सुटलो.

ऑगस्टच्या सुरुवातीला एका वडिलांचा फोन आला, आवाजात धास्ती. ते दिवसभर रेंजबाहेर कामाला होते. संध्याकाळी साडेसातला रेंजमध्ये आले आणि फोन वाजला: "बालरथ पाच मिनिटांत." पोर अजून गाडीत आहे की काय म्हणून त्यांनी घाबरून घरी फोन लावला. पोर घरीच होती, जेवायला बसली होती. फोन नेटवर्कबाहेर असेल तर फायरबेस निरोप सांभाळून ठेवतं, आणि मुदत सांगितली नसेल तर थेट चार आठवडे. कुणी पाठवलेला फोटो उशिरा आला तर बिघडत नाही. गाडी येते आहे हा निरोप दहा मिनिटांनंतर खोटा असतो. मी मुदत ६०० सेकंद केली. ॲपलच्या बाजूला मात्र कालावधी चालत नाही. मुदत संपायची नेमकी वेळ द्यावी लागते, १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत. शिवाय एका फेरीच्या निरोपांना एकच कोलॅप्स की दिली, म्हणजे "पाच मिनिटांत" आणि "पोचला" दोन्ही अडकून पडले तर फक्त शेवटचा मिळतो.

एवढं करून आजींचा फोन पुन्हा एकदा गप्प राहिला. त्या दिवशी गाडी वेळेवर होती आणि वहिनी घरी होत्या, म्हणून काही बिघडलं नाही. पण आता अंदाजावर राहायचं नाही असं ठरवून रविवारी त्यांच्या घरी गेलो.

आजींनी चहा ठेवला आणि फोन माझ्या हातात दिला. म्हटलं, "आजी, नेहमी वापरता तसा वापरून दाखवा." त्यांनी मुलीला व्हिडिओ कॉल लावला, बोलल्या, ठेवला. मग बोटानं एकेक ॲप वर सरकवून सगळी बंद केली, अगदी शेवटचं जाईपर्यंत, पाटावरचे तांदळाचे दाणे झाडावेत तशी. "बॅटरी खातात रे पुता, धाकट्यानं शिकवलं होतं." त्यात माझंही ॲप गेलं.

साधारण अँड्रॉइड फोनवर असं सरकवल्यानं निरोप थांबत नाहीत. ते थांबतात सेटिंगमध्ये जाऊन 'फोर्स स्टॉप', म्हणजे सक्तीनं बंद, केलं तर, आणि मग ॲप पुन्हा हातानं उघडेपर्यंत काहीच येत नाही. पण काही कंपन्यांचे फोन सरकवण्यालाच फोर्स स्टॉप समजतात. आजींचा फोन त्यांतला होता. त्यांच्यासमोरच निरोप पाठवला. ॲप मागं असताना वाजला. सरकवल्यावर पाठवला, काही नाही. चहा निवेपर्यंत थांबलो, तरी काही नाही. आजी माझ्याकडं बघत होत्या. त्यांना वाटलं आपलंच चुकलं. मी सांगितलं, तुमचं काही चुकलं नाही, हे आम्ही आधीच पाहायला हवं होतं.

बॅटरीच्या सेटिंगमध्ये आमच्या ॲपला ऑटोस्टार्टची, म्हणजे आपोआप सुरू व्हायची, मुभा दिली, बॅटरीचे निर्बंध काढले, ॲप सरकवलं आणि पुन्हा निरोप पाठवला. कोनाड्यात ठेवलेला फोन वाजला. त्यानंतरचे दोन रविवार मी अशी घरं फिरलो. प्रत्येक कंपनीच्या फोनात ही सेटिंग वेगळ्या जागी सापडली. काही फोनांत मुभा देऊनही भरवसा वाटेना.

म्हणून शेवटी पोचपावती घातली. अँड्रॉइडवर निरोप आला की बॅकग्राउंडचं फंक्शन सर्व्हरला फक्त "मिळाला" एवढंच कळवतं. मिनिटभरात पावती आली नाही, तर त्या घराचं नाव मदतनीस बाईंच्या फोनवर लाल रंगात येतं आणि त्या घरी मिस्ड कॉल देतात. आयफोनवाली तीन घरं आहेत. तिथं पावतीसाठी वेगळं एक्स्टेन्शन (ॲपला जोडलेला छोटा कोड) लिहावं लागतं, ते अजून व्हायचं आहे. तोवर त्या तिघांची नावं कायम लाल ठेवली आहेत, म्हणजे त्यांना मिस्ड कॉल जातोच.

तपासायची पद्धतही बदलली. माझ्याकडं एक जुना फोन आहे, त्याला केबल लावत नाही. रात्री ॲप सरकवून कपाटावर ठेवतो आणि सकाळी उठल्यावर त्याला हात न लावता निरोप पाठवतो. तो वाजला तरच नवी आवृत्ती पालकांना जाते.

चवथीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली, त्या दिवशी मी गावातच होतो. पाऊस होता, गाडी अर्धा तास उशिरा होती. वहिनींच्या ओसरीवर बसलो होतो. आतून फोन वाजला, मग भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. आजी फोन बघत बाहेर आल्या, सूचनेवर बोट लावलं आणि मला दाखवलं. नकाशावर गाडी पुलाच्या अलीकडं होती. त्यांनी दाराआडची मोठी छत्री काढली, नातीची छोटी काखेत घेतली आणि वडाच्या वाटेला लागल्या.