पिंक-१

आजचा अख्खा दिवस पिंक-१ या जनुकाने खाल्ला. दोन पानं वाचून उठणार होते, उठवेचना. हे जनुक प्रोटीन कायनेज बनवतं, म्हणजे दुसऱ्या प्रथिनांना फॉस्फेट चिकटवणारं एन्झाइम. मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतलं ऊर्जाघर, धडधाकट असेल तर हे एन्झाइम त्याच्या आत ओढलं जातं आणि लगेच मोडीत निघतं. (बनवायचं नि मोडायचं, केवढी ही उधळपट्टी!) मायटोकॉन्ड्रिया बिघडला की ते बाहेरच्या आवरणावरच साचतं, युबिक्विटिन या चिमुकल्या प्रथिनाला फॉस्फेट लावतं, पार्किन नावाच्या दुसऱ्या एन्झाइमला बोलावून घेतं, आणि पेशी तो माल भंगारात काढते.

जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तर पार्किन्सन्स (कंपवात) कमी वयातच गाठू शकतो, हे २००४ साली कळलं. बहुतेक रुग्णांत मात्र हा दोष नसतो. मैत्रीण फोनवर लगेच म्हणाली, "मग मीही टेस्ट करून घेऊ?" म्हटलं, आधी न्यूरॉलॉजिस्टला तर भेट!