गडावरील टाक्यांच्या नोंदींचे अ‍ॅप : स्थानिक सर्व्हर अखेर उभा राहिला

गडांवरील पाण्याच्या टाक्यांची नोंद ठेवणारे एक वेब अ‍ॅप मी फावल्या वेळात तयार करत आहे. टाक्याजवळ उभे राहून फोनवरचे बटण दाबले की त्या जागेचे अक्षांश-रेखांश, पाण्याची स्थिती आणि तारीख जतन व्हावी, एवढीच त्यामागची कल्पना आहे. या पंधरवड्यात अ‍ॅपमध्ये नवे काहीच आले नाही. सगळा वेळ ते आधी लॅपटॉपवर आणि मग फोनवर नीट चालवण्यात गेला, आणि तो सत्कारणी लागला असे मी मानतो.

आरंभी मी एचटीएमएल फाइल थेट ब्राउझरमध्ये उघडत असे. जावास्क्रिप्टची मॉड्यूल वेगळी करताच पान कोरे दिसू लागले, कारण अशा पानाला ब्राउझर निश्चित ओरिजिन (पान कोणत्या पत्त्यावरून आणि पोर्टवरून आले याची ओळख) देत नाही आणि त्यामुळे शेजारची फाइलही त्याला परकी ठरते. म्हणून व्हीट ५ हे लॅपटॉपवरच स्थानिक सर्व्हर चालवणारे साधन बसवले. त्याचा ५१७३ हा पोर्ट (सर्व्हर ज्यावर ऐकतो तो क्रमांक) मला फार आवडला: रोमन पाच म्हणजे व्ही, आणि पुढचे तीन अंक आय, टी, ई या अक्षरांसारखे दिसतात. व्ह्यू या जावास्क्रिप्ट चौकटीत लिहिलेल्या घटकात बदल केला की वेबसॉकेट या सतत उघड्या जोडणीवरून ब्राउझरला निरोप जातो आणि तेवढेच मॉड्यूल बदलते.

खरी अडचण प्रॉक्सीने, म्हणजे विनंत्या दुसऱ्या सर्व्हरकडे वळवणाऱ्या सोयीने, दाखवली. नोंदी साठवणारा पायथनचा छोटा सर्व्हर ८००० पोर्टवर चालतो, आणि पोर्ट वेगळा म्हणजे ओरिजिनही वेगळे, म्हणून ‘एपीआय’ने सुरू होणाऱ्या विनंत्या व्हीटमार्फत तिकडे वळवल्या. सर्व्हर चालू असूनही जोडणी नाकारली जात होती. दोन संध्याकाळी खर्ची पडल्यावर उलगडा झाला: व्हीट ज्यावर चालते त्या नोडच्या १७व्या आवृत्तीपासून ‘लोकलहोस्ट’ (म्हणजे हेच यंत्र) या नावाचे पत्ते प्रणाली देईल त्याच क्रमाने घेतले जातात, माझ्या नोड १८ला आधी आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीतला ::१ मिळत होता, तर पायथन केवळ जुन्या पद्धतीतल्या १२७.०.०.१ वर ऐकत होता. प्रॉक्सीत नावाऐवजी अंकांचा पत्ता लिहिताच काम झाले. नोड २०मध्ये एक पत्ता न लागल्यास दुसरा आपोआप करून पाहिला जातो, तरीही मी अंकच ठेवले आहेत.

त्यानंतर व्हीटला इतर उपकरणांसाठी खुले करणारा ‘होस्ट’ हा पर्याय देऊन घरच्या वाय-फायवर पान फोनमध्ये उघडले. नकाशा दिसला, पण स्थान मिळेना. स्थान केवळ सुरक्षित संदर्भातच, म्हणजे साधारणतः एचटीटीपीएसवरच, दिले जाते. लोकलहोस्टला एचटीटीपीवरही ती सवलत आहे, परंतु १९२.१६८ने सुरू होणाऱ्या घरच्या नेटवर्कमधील पत्त्याला नाही. एचटीटीपीएससाठी स्वतःचे प्रमाणपत्र तयार करून फोनमध्ये बसवता आले असते, पण मी अँड्रॉइडच्या ‘एडीबी रिव्हर्स’ या आज्ञेचा मार्ग निवडला. फोन यूएसबीने जोडून दोन्हीकडे ५१७३ पोर्ट दिला की फोनमधला लोकलहोस्ट थेट लॅपटॉपवर येतो. हा उपाय मला अधिक समाधानकारक वाटतो, कारण त्यामुळे व्हीटला १२७.०.०.१ पुरतेच बांधून ठेवता आले आणि वाय-फायवरील इतर उपकरणांना ते आता दिसत नाही.

काल रात्री गच्चीवर उभा राहून, केबल लॅपटॉपला जोडलेली असताना, मी पहिली नोंद केली. गडावर नेटवर्क नसते, म्हणून आता सर्व्हिस वर्करचे (नेटवर्कशिवायही पान चालू ठेवणाऱ्या स्क्रिप्टचे) काम हाती घेत आहे. त्याची तपासणी मात्र बिल्ड करून, म्हणजे अंतिम फाइली तयार करून, व्हीटच्या ४१७३ पोर्टवरच्या प्रिव्ह्यूमध्ये करणार आहे.