गोधडीसारखा चेहरा

दोन महिन्यांपासून रोज रात्री मी एकच काम करतोय, गाडगेबाबांचा चेहरा तुकड्या तुकड्यांत बनवतोय, आणि हे वेड लावलं वेधा अब्दुल रशीद या इंडोनेशियाच्या चित्रकारानं.

वेधा ‘हाई’ मॅगझिनसाठी हुबेहूब चेहरे काढायचे, पण चाळिशीत नजर अधू व्हायला लागली आणि बारीक शेडिंग जमेना. मग १९९० च्या आसपास त्यांनी गोलाई सोडूनच दिली, सगळा चेहरा सरळ रेघांच्या सपाट तुकड्यांत, आणि प्रत्येक तुकड्यात एकच भडक रंग. त्यालाच आज डब्ल्यूपीएपी म्हणतात, म्हणजे वेधाज पॉप आर्ट पोर्ट्रेट. हे वाचलं त्या रात्री मला खरंच झोप नाही आली. नजर गेली म्हणून माणूस हात आवरतो, यांनी नवीन चित्रकलाच काढली!

आमचं गाव दर्यापूर तालुक्यातलं. माझ्याकडे सेकंडहँड लॅपटॉप आहे, त्यात इंकस्केप हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर टाकलंय, ते फुकट मिळतं. फोटो खाली लॉक करायचा आणि वरून पेन टूलनं फक्त क्लिक करत जायचं, माऊस ओढला की रेघ वाकते आणि इथं वाकडी रेघ चालत नाही. रंग कोणताही घ्या, निळा गाल, हिरवं कपाळ, पण फोटोत जिथं उजेड तिथं फिका आणि सावली तिथं गडद एवढं पाळलं की माणूस ओळखू येतो, ते चुकलं की नुसते त्रिकोण उरतात. अजून एक, तुकडे एकमेकांवर थोडे चढवायचे, नाहीतर मधून पांढरी फट दिसते. माझा पहिला अख्खा कान त्यात गेला.

आणि व्हेक्टर असल्यानं फायलीत बिंदू आणि रेघांचा हिशोब असतो, म्हणून हाताएवढं छापा की वीस फुटी फ्लेक्सवर, कड तशीच धारदार. आपल्याकडे व्हॉट्सअॅपवरचा फोटो ताणून फ्लेक्स करतात आणि चौकात सगळे चेहरे फाटलेले, ते पाहून मला नेहमी वाईट वाटतं.

गाडगेबाबा का, तर शेंडगाव, जिथं ते १८७६ मध्ये जन्मले, ते आमच्या शेजारच्याच अंजनगाव सुर्जी तालुक्यात. आणि ती दाढी! सरळ रेघांत ती दाढी जशी उभी राहते तसं गुळगुळीत चेहऱ्याचं होतच नाही, एकट्या दाढीलाच माझे एकशेचाळीस तुकडे लागले.

परवा आबाजी मागं येऊन उभे राहिले. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, दुसऱ्याचं ऑपरेशन झालंय. म्हणाले, "काय करून राह्यला बे इतक्या रात्री?" मी स्क्रीन फिरवली. जवळून त्यांना काहीच कळेना, मग ते दारापर्यंत मागं सरकले आणि तिथून म्हणाले, "अरे, हे तं बाबा होय! चिंध्यायची गोधडीच शिवून राह्यला तू त्यायची."

मी गप्पच झालो. गाडगेबाबांना लोक गोधडे महाराज म्हणायचे, अंगावर चिंध्यांचं वस्त्र असायचं म्हणून, आणि मी दोन महिने तुकडे जोडत बसलो तरी हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. त्याच रात्री अंगावरच्या कपड्याचे गुळगुळीत तुकडे डिलीट केले आणि आजीच्या गोधडीचा फोटो काढून त्यातले रंग उचलले, विटका जांभळा, शेंदरी, धुऊन धुऊन पांढरट झालेला हिरवा.

२० डिसेंबरला पुण्यतिथी आहे, तेव्हा ग्रामपंचायतीसमोर लावायचंय. फक्त डावा डोळा अजून जमला नाही, त्यात ती माया येत नाहीये, आज परत बसतो.